दुखवटा संपला त्या सकाळी

झेंडाकाकांचं खरं नाव कचेरीत कुणाला आठवत असेल तर शपथ. गच्चीवरचा राष्ट्रध्वज सकाळी चढवायचा आणि सूर्य मावळताना उतरवायचा, हे त्यांचं काम. मधल्या वेळात ते टपाल वाटत, पण त्याला काम म्हणायला ते स्वतःच तयार नसत. चढवताना झपाट्याने, उतरवताना सावकाश, आणि जमिनीला टेकवायचा नाही म्हणजे नाही. हे नियम त्यांनी कधी मोडले नव्हते. घरी मात्र ओला टॉवेल खुर्चीवरच फेकत.

टॉवेलाची तक्रार त्यांच्या बायकोची, काकूंची. झेंडा धुवायला घरी आला की तो त्यांच्या ताब्यात. वाऱ्याने उसवलेली कड त्या बारीक टाक्यांनी शिवत आणि आतल्या खोलीत वेगळ्या दोरीवर तो वाळत घालत. "तुमच्या बनियनशेजारी नको हो त्याला, बिचारा लाजेल," म्हणत. वरच्या पट्ट्याचा रंग म्हणजे त्याग, असं काकांनी एकदा ऐटीत सांगितलं, तेव्हा "मग माझे सगळे कपडे त्याच रंगाचे आणा," असं त्यांनी सुनावलं होतं.

त्या काकू साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. देशात तेव्हा कुणा थोर गृहस्थांचा दुखवटा चालू होता. झेंडे अर्ध्यावर होते, रस्त्यावरची माणसं क्षणभर थांबून मान लववत होती. काकूंना पोचवायला शेजारपाजारचे चारदोन लोक आले, तेही घड्याळ बघत.

दुसऱ्या दिवशी काका गच्चीवर हजर. दुखवट्यातसुद्धा झेंडा आधी टोकापर्यंत न्यायचा असतो, क्षणभर थांबायचं आणि मग अर्ध्यावर आणायचा. त्यांनी तसाच आणला. डोळ्यांत टिपूस नव्हतं.

"बाबा, रडा हो जरा," सासरहून आलेली लेक म्हणाली.

"येत नाही गं रडू."

खरंच येत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, पण आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे. गेलेल्या माणसाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

कचेरीच्या मॅडम तशा मायाळू. म्हणाल्या, "काका, काही दिवस घरी थांबा. झेंड्याचं पहारेकरी बघेल."

काकांना भीती वाटली. त्या दिवसांत त्यांना जाणवलं ते तेवढंच. "एवढं एक राहू द्या, मॅडम. चुकलो तर काढून घ्या." दोरी हातात असली की आपण अजून आहोत, एवढं तरी त्यांना कळत होतं.

मग दुखवटा संपला. आता झेंडा पूर्ण चढवायचा, हे मॅडमनी आदल्या संध्याकाळी बजावून सांगितलं आणि काकांनी मान हलवली. सकाळी त्यांनी तो झपाट्याने टोकाला नेला, क्षणभर थांबले, आणि त्यांचे हात आपसूक दोरी सोडू लागले. अर्ध्यावर गाठ मारून ते खाली आले आणि टपाल लावत बसले.

खिडकीतून समोरचा पेपरवाला दिसत होता. त्याने वर पाहिलं आणि टोपी काढली. पिशवी घेऊन चाललेली एक बाई थबकली, तिने मान खाली घातली. काका बघत राहिले. आत फोन वाजू लागले.

मॅडम धावत आल्या. "काका, कोण गेलं? आपल्याला कसं कळवलं नाही?"

काकांनी हातातलं टपाल खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "माझी बायको गेली."

मॅडमना ते ठाऊक होतं, तरी त्या खुर्चीवर बसल्या. हळूच म्हणाल्या, "राहू दे घटकाभर. मी सांभाळून घेईन."

"नाही, मॅडम. तसा नियम नाही."

ते वर गेले. मॅडम मागोमाग आल्या. चढवताना झपाट्याने चढवायचा असतो, पण काकांनी दोरी हळूहळू ओढली, जितकी हळू ओढता येईल तितकी. झेंडा टोकाला पोचला. खाली पेपरवाल्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि गिऱ्हाइकाला पेपर दिला.

काकांनी गाठ पक्की केली. "पहारेकऱ्याला बोलवा, मॅडम. शब्द दिला होता मी."

"अहो काका, असं काय करता..."

"संध्याकाळी सावकाश उतरव म्हणावं त्याला. आणि कड उसवली तर बाहेर द्या शिवायला. आमच्या घरी आता कुणी नाही."