कोणी पाहिलं?

आमच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना मुलं 'कोणी पाहिलं बाई' म्हणायची. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत कोणीही काही सांगत आलं, की बाईंचा चष्मा कपाळावर चढायचा आणि प्रश्न यायचा, "कोणी पाहिलं?" उद्या सुट्टी आहे म्हणे. कोणी पाहिलं? मिठात काच सापडली म्हणे. कोणी पाहिलं? मी त्याच शाळेत गणित शिकवतो, पण इतका पुरावा मी गणितातही कधी मागितला नाही. एकदा स्टाफरूममध्ये मी कढीपत्त्याने साखर उतरते असा मेसेज वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "सर, तुमची उतरली का?" मला राग आला, कारण उतरली नव्हती.

डिंडोलीतल्या या मराठी शाळेतली बहुतेक मुलं गाव सोडून इथे कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या खान्देशी घरांतली. घरात फोन एकच, तोही वडिलांचा. रात्रपाळी करून वडील दिवसा झोपले, की तो मुलांच्या हाती. बाई कळवळून सांगायच्या, "पोरांनो, पाठवता तुम्ही, पण लोक समजतात तुमच्या वडिलांनी सांगितलं." काहीही पुढे पाठवण्याआधी अंगठा स्क्रीनवरून वर उचलायचा आणि तो ठरलेला प्रश्न विचारायचा, असा त्यांचा नेम होता. अख्खा वर्ग अंगठे वर करून बसलेला दिसला, की मी दारातून हसत पुढे जायचो.

मुलं वर्गात बोलत नाहीत म्हणून बाईंनी त्यांना आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं. "घरी बोलता तसंच बोला," एवढीच अट. सातवीतली दीपाली पुस्तकी मराठीत तोंड उघडायची नाही, पण अहिराणीत रेकॉर्ड करताना ती थेट गावाकडच्या आजीसारखी बोलायची. बाई तिच्या क्लिपा मला कौतुकाने ऐकवायच्या.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा सगळीकडे फिरत होती. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं पेपर तपासत बसलो होतो. आमच्या गाववाल्यांच्या ग्रुपवर क्लिप आली. मी ती लावली. "नवागामनी गल्लीमा एक माणूस येल शे. पोरेसले फुगा दीसन गोणीमा भरी लई जास. पोरेसले सांभाळा!" खाली उत्तरांचा पाऊस. माणूस सापडला, धरून ठेवलाय, या सगळे.

बाईंच्या हातातलं लाल पेन थांबलं. "सर, ही दीपाली आहे."

बाईंनी आधी मला पोलिसांना फोन करायला लावला आणि मग माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. वाटेत दीपालीचं घर होतं. वडील झोपलेले, फोन तिच्या हातात. बाईंना पाहून ती म्हणाली, "बाई, मी फॉरवर्ड नाही केलं. मी स्वतः बोलले."

"कोणी पाहिलं?"

"शेजारच्या काकू म्हणाल्या."

"काकूंनी पाहिलं?"

"नाही. त्यांना बहिणीने सांगितलं."

फोनसकट तिला घेऊन आम्ही शेजारच्या नवागाममध्ये शिरलो. गर्दीच्या मधोमध तो माणूस जमिनीवर होता. मी त्याला ओळखलं. बायकांचे गळालेले केस गोळा करायचे आणि बदल्यात मुलांना फुगे द्यायचे, हा त्याचा धंदा. कित्येक वर्षं तो याच गल्ल्यांतून ओरडत फिरायचा. त्याची गोणी फाटली होती, केस रस्ताभर पसरले होते, भुवईतून रक्त वाहत होतं. कोणी 'मारो' ओरडत होतं, कोणी 'पकडो'. बाई आत घुसल्या. "कोणी पाहिलं? अरे, कोणी पाहिलं?" कोणाचा तरी धक्का लागला आणि त्यांचा चष्मा खाली पडला. पोलिसांचा पत्ता नव्हता. एकाने काठी उचलली होती.

बाई मागे आल्या, दीपालीसमोर बसल्या. "माझं कोणी ऐकत नाही. आवाज तुझाच हवा. जिथे पाठवलंस तिथेच पाठव."

"पप्पा मारतील. शाळा बंद करतील."

"पप्पांशी मी बोलेन. रेकॉर्ड करायला मीच शिकवलं ना? त्याच्या पुढचं शिकवायचं राहिलं. आत्ता शिकू, बोल."

दीपालीने रेकॉर्डचं बटण दाबलं. "मी दीपाली. मघाशीना आवाज मन्हाच व्हता. मी काहीच देखं नही, नुसतं आयकं. तो केसवाला शे. त्याले सोडा."

गर्दीतले खिसे वाजायला लागले. एकाने क्लिप लावली, मग दुसऱ्याने, मग पलीकडून तिसऱ्याने. त्याले सोडा, त्याले सोडा. एकच रडवेली पोर मागेपुढे दहा फोनमधून बोलत होती. काठीवाल्याने काठी टाकली नाही, पण उगारलीही नाही. तेवढ्यात पोलीस आले. त्यांनी त्या माणसाला उठवलं, तर तो आधी आपले केस गोळा करायला लागला. दीपाली त्याच्या शेजारी बसून केस उचलू लागली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दाखला मागायला आले. "गावभर नाव गयं, बाई." बाई म्हणाल्या, "चूक गावाने ऐकली, तशी कबुलीही ऐकली. तुमच्या गल्लीत दुसऱ्या कोणी दिली?" वडील दाखला न घेताच परत गेले. दीपाली शाळेत राहिली.

बाई निवृत्त होऊन कडोदऱ्याला मुलाकडे गेल्या. गेल्या वर्षी ग्रुपवर मेसेज आला की बाई वारल्या. त्याखाली कोणी हात जोडले नाहीत, फुलं टाकली नाहीत. माझा फोन मात्र वाजतच राहिला. लूमवरून, रिक्षातून, सासरहून आमची जुनी मुलं विचारत होती, "सर, कोणी पाहिलं?" माझाही अंगठा वरच होता. सबंध आयुष्यात मी पहिल्यांदा मनापासून मागत होतो, की हे खोटं निघू दे.

मग एक क्लिप आली. आवाज आता मोठा झाला होता, तरी मी ओळखला.

"मी दीपाली. कडोदऱ्याले बाईसना घर शे. बाई गयात. मी सोता देखं."

मग मी अंगठा खाली टेकवला.