मांडूच्या तीन वाटा आणि भलतेच धारवाले

घडलं ते असं:

१. आई, बाबा आणि मी देवासहून मांडूला चालायला गेलो.
२. तिथल्या चौकात धारच्या एका मराठी कुटुंबाला भेटायचं ठरलं होतं.
३. चौकात धारचं एक मराठी कुटुंब भेटलं.
४. त्यांच्याबरोबर दोन वाटा चाललो. आईने त्यांच्यातल्या काकूंची ओटी भरली.
५. हे ते ठरलेलं कुटुंब नव्हतं.

आता सविस्तर. हा मुलगा बघण्याचा कार्यक्रम होता. स्थळ इंदूरच्या मामांनी सुचवलेलं. मी तीन अटी घातल्या होत्या: भेट चालता चालता व्हावी, आधी फोटो नको, आणि दिवसभर लग्नाचा विषय कुणीही काढायचा नाही. मी कारखान्यात गिअर तपासते. वस्तू फिरताना बघितल्याशिवाय मत देत नाही.

बाबांनी अटी मान्य केल्या आणि स्वतःची एक जोडली. "हे फसलं, तर पुढचा मुलगा आपल्या सोफ्यावर बसेल आणि पोह्यांचा ट्रे तू आणशील."

म्हणजे माझ्यासाठी दिवस महत्त्वाचा होता. नेमके आदल्या दिवशी मामा कंबर धरून बसले आणि दोन्ही घरांना चेहऱ्याने ओळखणारा एकमेव माणूस इंदूरलाच राहिला.

रस्ता चांगला आहे. पहाटे निघा, इंदूरला पोहे खा, धारवरून नालछामार्गे वर या. शेवटी जुन्या दरवाजांपाशी रस्ता अरुंद होतो. समोरून बस आली तर वाद न घालता गाडी मागे घ्या. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात मुलांना आणू नका.

चौकात जामी मशिदीसमोर गाडी लावली. आई उतरली आणि जागीच थबकली. बसचे हॉर्न, गाइडांची हाकाटी, आणि त्यातून कुठूनतरी आलं, "अगं, तिची टोपी घे की!" मराठीचा एक शब्द कानावर पडला की आईला बाकी काही ऐकू येत नाही. ती थेट तिकडे गेली.

"तुम्ही धारचे का?"

"हो! आणि तुम्ही?"

"देवासचे."

"अगंबाई! या, या!"

संपली चौकशी. काका, काकू, त्यांचा मुलगा आणि चार वर्षांची एक मुलगी. मुलाला सगळे भैया म्हणत होते, ती मुलगीसुद्धा. आमच्याकडेही एका काकांना त्यांची मुलं दादाच म्हणतात, कारण अख्खं घर म्हणतं. तरीही मी ती त्याची भाची आहे असं धरून चालले. नाव विचारणं म्हणजे विषय काढणं, म्हणून आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

पहिली वाट: चौक ते जहाज महाल. सपाट, अधूनमधून सावली, लहान मुलांना झेपेल अशी. बाळाची ढकलगाडी फाटकापर्यंतच न्या, आतल्या पायऱ्या उंच आहेत. तिकीट खिशाला जड नाही. दोन तलावांच्या मधला लांबलचक महाल मुलांना खरंच जहाज वाटतो. भैयाने मुलीला खांद्यावर आणि काकूंची पिशवी हातात घेतली होती. मी मनात बरा शेरा मारला.

बाबांनी विषय न काढता, भैयाचं इंदुरी 'भिया' करून मुलाखत सुरू केली.

"भिया, स्वयंपाकाबद्दल तुमचा काय विचार आहे?"

"चांगला आहे, काका."

"मतलब, करता का?"

"रविवारी दाल-बाफले मीच करतो."

बाफले म्हणजे आधी उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे, सोपं काम नाही. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. काकू आईला हळूच म्हणाल्या, "तुमचे हे फार चौकस आहेत हो."

महालाच्या पायऱ्यांवर आईने पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. काकू क्षणभर थांबल्या. पण ओटीला नाही कोण म्हणणार? त्यांनी पदर पुढे केला. मग पर्समधून कुंकवाची डबी काढून आईला कुंकू लावलं आणि तिळाच्या चिक्कीचं पाकीट दिलं. हे सगळं कशाबद्दल, ते एकीनेही विचारलं नाही.

दुसरी वाट: सागर तलावाकडून दाईच्या महालापर्यंत. चढ नाही, पण सावलीही नाही. वाटेत शेतं, गुरं आणि बुंधा फुगलेली गोरखचिंचेची झाडं. इथे आवाज दिला की समोरून स्वच्छ परत येतो. मुलं घरी जायला तयार होत नाहीत, वडीलही नाहीत. बाबांनी "देवास!" असं तीनदा ओरडून घेतलं. मग मुलीची पाळी आली.

"भैया, मम्मी कधी येणार?"

"मम्मी कधी येणार?" समोरच्या भिंतींनीही विचारलं.

"अगं, ती हॉटेलवर झोपलीय. डोकं दुखतंय ना तिचं."

"कुणाची मम्मी?" आईने विचारलं.

"हिची. म्हणजे माझी मिसेस."

"मिसेस?" आईने इतक्या मोठ्याने विचारलं की समोरच्या भिंतींनीही विचारलं.

बाबांनी खिशातून फोन काढला. एकाच नंबरवरून सहा मिस्ड कॉल.

"अहो, उचलला का नाहीत?" आई म्हणाली.

"अनोळखी नंबर होता. उचलला की बँक रिकामी होते. ग्रुपवर आलंय."

बाबांनी त्या नंबरवर फोन लावला. खरं कुटुंब सकाळपासून चौकातच होतं. सगळा उलगडा झाल्यावर काकू हसून हसून बांधावर बसल्या. "तरीच! मी म्हटलं, हे आमच्या भैयाला बाफल्यांचं का विचारतायत!" त्या नारळ परत देऊ लागल्या, पण आईने हात मागे घेतले. "भरलेली ओटी परत घेतात का कधी?"

आता खऱ्या मुलाच्या आईसाठी ओटीत काय घालायचं? पिशवीत थोडे तांदूळ आणि एक जादा खण उरला होता. चौकातल्या दुकानांत नारळ नव्हता. रस्त्याकडेला एक बाई मांडूची इमली, म्हणजे गोरखचिंचेची फळं विकत होती. एकेक फळ नारळाएवढं, कठीण कवचाचं, वर मखमली लव.

"ले जाओ, बाई," ती आईला माळवीत म्हणाली, "यो भी नारेल जैसो ज है." नारळासारखंच म्हटल्यावर आईने एक घेतलं.

खरी माणसं चौकात जराही न चिडता उभी होती. वाट बघून त्यांनी दाल-पानिये खाऊन घेतलं होतं. (तुम्हीही खा. पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली मक्याची जाड भाकरी, सोबत डाळ.) आईने ओटी भरायला घेतली. मुलाच्या आईने फळाकडे बघितलं, मग आईकडे.

"ही देवासची पद्धत का?"

"हो," आई म्हणाली.

त्यांनी गंभीर चेहऱ्याने पदर पुढे केला.

तिसरी वाट: रेवाकुंड ते रूपमती मंडप. ही चढाची आहे. पाणी घ्या आणि वडीलधाऱ्यांना घाई करू नका. मुलाचं नाव निनाद. त्याच्या वडिलांचा गुडघा दुखत होता. ते मागे पडले की तो काही न बोलता मागे जायचा आणि त्यांचा हात धरून त्यांच्या चालीने पुन्हा वर यायचा. दुसऱ्या हातात आईच्या ओटीतली गोरखचिंच.

"सहा वेळा फोन केला," तो म्हणाला.

"बाबा अनोळखी नंबर उचलत नाहीत."

"मीपण नाही उचलत."

मग तो पुन्हा वडिलांसाठी खाली उतरला. मला हरकत नव्हती. वर पोचल्यावर खाली निमाडचं मैदान दिसलं आणि पार टोकाला नर्मदेची बारीक रेघ. हवा स्वच्छ असेल तरच दिसते.

"एक सांगू?" तो म्हणाला. "सकाळी आम्हीही एका कुटुंबाला तुम्हीच समजून गाठलं होतं. आईने त्यांना गुळपोळ्यांचा अख्खा डबा देऊन टाकला. ते उज्जैनचे निघाले."

"मुलगी कशी होती?"

"दहावीला आहे. तिने मला अंकल म्हटलं."

मी हसले. मोठ्याने. आई-बाबा दोघांनीही वळून बघितलं, कारण घरी असं होत नाही.

परतताना गाडीत वाद झाला. बाबांचं म्हणणं, अर्धा दिवस भलत्याच मुलाला बघितलं, म्हणजे कार्यक्रम फसला. पुढची बैठक घरी, पोह्यांसकट. माझं म्हणणं, पहिल्या दोन वाटा धरायच्याच नाहीत, आणि एका वाटेवरून निकाल देता येत नाही. इंदूरपर्यंत दोघंही मागे हटलो नाही. शेवटी आई म्हणाली, "त्या मुलालाच विचारा ना." घरी येऊन दोन दिवस झाले. पाय आता दुखत नाहीत. कुटुंब घेऊन जाणार असाल तर तिन्ही वाटा एका दिवसात होतात, दुपारी नीट जेवून. पण माझ्या डोक्यात राहिला आहे तो चढ, आणि तो न कंटाळता पुन्हा पुन्हा उतरणारा माणूस.

निनाद, तुम्ही हा ब्लॉग वाचता असं म्हणाला होतात. येत्या रविवारी सकाळी मी धरमपुरीला नर्मदेच्या काठाने चालणार आहे. तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. आपण दोघंच. येणार की नाही, ते कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.