रविवारचा डाग

माझे सासरे हणमंतराव हैदराबादच्या सरकारी दफ्तरात बत्तीस वर्षं कारकून होते, आणि देवानंही त्यांना कारकून म्हणूनच घडवलं असावं. वरच्याची सही असल्याशिवाय त्यांना उजाडलंय हेसुद्धा पटत नसे. छप्पन साली राज्याचे तुकडे पडायची वेळ आली. हैदराबादेतच राहणार की मुंबई राज्यात जाणार, हे नोकरदारांना लिहून द्यायचं होतं. चिक्कडपल्लीच्या आमच्या घरात महिनाभर त्या एका कागदाचं कौतुक चाललं होतं. सकाळी मुंबई, संध्याकाळी हैदराबाद.

त्यांचा दुसरा अभिमान घराण्याच्या बाळगुटीचा. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग सहाणेवर उगाळायची, वेढे मोजायचे, वर तुळशीचा रस घालायचा. या गुटीवर चार पिढ्या वाढल्या, असं ते ऐटीत सांगत. त्या पिढ्यांतली किती मुलं पाळण्यातच गेली, ते मात्र सांगत नसत.

माझा वसंत तीन आठवड्यांचा झाला आणि हिरवं ओकू लागला. यजमान तेव्हा औरंगाबादला नोकरीवर होते. मामंजींनी लांबूनच दुपट्याकडे पाहिलं.

"गुटीच बाहेर पडतेय. तुळशीचा रंग आहे तो. वेढे वाढव."

मी वाढवले.

सोमवारी धुणं धुणाऱ्या गंगूनं मला नळापाशी बोलावलं. तिच्या हातात आदल्या दिवशीचं दुपटं होतं.

"अम्मा, काल तुळस तोडली होती का तुम्ही? इतवार होता ना?"

"नाही. रविवारी तुळस तोडलेली मामंजींना चालत नाही."

"मंग हा डाग हरा कसा? बिनतुळशीची गुटी तर भुरी असते. लेकराच्या पोटात कायतरी दुसरंच हाय, अम्मा. दवाखान्यात न्या."

मी तशीच जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "धुणेवालीकडून वैद्यकी शिकायची वेळ आली का आता या घरावर?" झालं. मी स्वयंपाकघरात परत आले आणि सहाण पुढे ओढली.

शुक्रवारी सकाळी वसंतचं पोट टम्म फुगलं आणि दुपट्यावर रक्त दिसलं. त्याला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. मामंजी दफ्तरात गेले होते. गंगूनं रिक्षा आणली. मी पोराला घेतलं आणि आदल्या रात्रीचं न धुतलेलं दुपटंही बरोबर घेतलं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पोराच्याही आधी दुपटं पाहिलं. "हे पित्त आहे. आतडं पुढे अडलेलं असलं की असं हिरवं वर येतं." मग त्याला पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले. आतडं जन्मापासूनच जागेवर बसलेलं नव्हतं, त्याला पीळ पडला होता. लगेच पोट उघडायला हवं होतं.

तोवर गंगूनं मामंजींना बोलावून आणलं. संमतीचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

"यात जबाबदारी आमच्यावर टाकलीय. औरंगाबादला माधवला तार करू. त्याचं उत्तर येऊ दे."

नातू निळा पडत होता आणि हा माणूस तारेच्या उत्तराची वाट बघणार होता! मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि सही केली. लग्न झाल्यापासूनची माझी ती पहिलीच सही.

दुपार टळल्यावर सर्जन बाहेर आले. "पीळ सोडवलाय. आतडं पुन्हा पिळणार नाही असं ठेवलंय. मूल जगेल असं वाटतं. पण बराच भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. तीन-चार दिवस आधी आणलं असतं, तर तो वाचला असता."

मामंजी लगबगीनं पुढे झाले. "मग साहेब, गुटी कधीपासून सुरू करायची?"

वसंत जगला. अंगी काही लागत नाही त्याच्या. अजूनही जेवण झालं की पोट धरून बसतो. मामंजींचा कागद शेवटपर्यंत कोराच राहिला; मुदत संपली आणि सरकारनंच काय ते ठरवलं. गुटीमुळे पोरानं तग धरला, असं ते मरेपर्यंत गल्लीभर सांगत फिरले. मला त्यांची किळस यायची. ते गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

पण सोमवारी गंगूनं सांगितलं होतं, आणि मी दवाखान्यात गेले शुक्रवारी. मधले सगळे दिवस मामंजी कागदात डोकं घालून बसले होते. सहाणेवर वेढे मोजत होते ते माझे हात.