अशिलाला विचारून सांगते

वकिलाच्या ऑफिसात फायली साचतात, हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे किस्से त्याहून जास्त साचतात, आणि ते कपाटात मावत नाहीत!

आमच्या कांबळे मॅडम कामावर जखमी झालेल्या कामगारांच्या भरपाईच्या केसेस लढवतात. मी त्यांची ज्युनिअर. ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मॅडमचा खाक्या असा, की आधी अशील, मग कायदा.

*

पायाला प्लास्टर घातलेला अशील आला, की मॅडम स्वतः खाली उतरतात. खाली पिठाची गिरणी. त्या आवाजात सल्ला ओरडूनच द्यावा लागतो. एकदा दळणाला आलेल्या आजींनी सगळी केस ऐकली, डबा खाली ठेवला आणि निकाल देऊन टाकला, "चूक कंपनीचीच! आणि अहो, माझं जरा बारीक दळा."

*

मॅडमचा पहिला प्रश्न "जेवलात का?" 'नाही' म्हटलं, की स्वतःचा डबा पुढे. पाठ दुखावलेले मंडईतले एक हमाल आधी डब्यात डोकावायचे, मगच उत्तर द्यायचे. मेथी दिसली, की "आत्ताच जेवलो, मॅडम!"

*

नामदेवरावांची केस मात्र आम्हाला फार लागली. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली. मशीनला गार्डच, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात ती जाळी, नव्हता. मालक म्हणत, मशीन सेफ आहे, चूक कामगाराची! आणि त्याच मशीनवर आता नामदेवरावांचा धाकटा भाऊ कामाला होता.

मी झोकात नोटीस लिहिली. मॅडमच्या शिरस्त्याप्रमाणे अशिलाला वाचून दाखवली, "सदर इसमास गंभीर दुखापत झाली..."

नामदेवरावांनी मला थांबवलं. "ह्यो इसम कोन? त्याचा बी हात ग्येला का?"

"पुन्हा लिहा," मॅडम मला म्हणाल्या.

*

कोर्टात प्रत्येक प्रश्नाआधी मॅडम अशिलाकडे वाकून "हे विचारू ना?" म्हणतात. नामदेवरावांच्या केसला जजसाहेब वैतागले, "मॅडम, वकील आपण आहात की ते?"

"मीच, साहेब. पण हात त्यांचा गेलाय."

"विचारा," जजसाहेब म्हणाले. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू!

*

शेवटी मालकांनी तडजोडीसाठी कारखान्यात बोलावलं. भरपाई चांगली देत होते. मॅडम म्हणाल्या, "अशिलाला विचारून सांगते."

नामदेवराव म्हणाले, "पैशाचं मागनं बघू. आदी गार्ड बसवा. भाऊ हाय तितं."

मालक हसले. आम्हाला मशीनपाशी घेऊन गेले, भावाला बाजूला केलं. "बघा! एकदम सेफ. डोळे मिटून चालवावं असं मशीन आहे!"

नामदेवराव मॅडमच्या कानात काहीतरी बोलले.

"आमच्या अशिलाची एकच विनंती आहे," मॅडम म्हणाल्या. "मशीन चालू राहू द्या. तुम्ही फक्त एकदा हात घालून दाखवा."

मालकांनी हात घातले. दोन्ही. पँटच्या खिशात!