सगुणाबाईच्या घरचा वार

उपासना सुरू झाली तरी सगुणाबाई आत आली नाही. देवळाबाहेरच्या निंबाखाली ती दाराकडे पाठ करून बसली. मी पहिलं गीत सांगितलं. एरवी तिचा आवाज सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांच्या एक ओळ पुढे असायचा. त्या दिवशी गीत अगदी सुरात झालं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी नुकताच पाळक झालो होतो. पाळक म्हणजे पास्टर, देऊळ म्हणजे आमचं चर्च, आणि पाळकाच्या हवाली केलेली माणसं ती मंडळी. माझी मंडळी रिठदच्या वाटेवरच्या एका खेड्यात होती, पंधरा-सोळा घरांची. हिवाळ्यात लोक वाशीमच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात कामाला जात. बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या शेतात रोजानं. माझा पगार अर्धा मिशन देई, अर्धा मंडळीच्या दानातून निघे.

त्या साली कापसाचा भाव पडला आणि जीन लवकर बंद झालं. दानाची थैली फिरायची, पण वाजायची नाही. तिकडे परदेशातून मिशनला येणारा पैसाही आटला. एक दिवस मिशनचे साहेब जीपमधून आले. साहेब मोठे प्रेमळ, पण मराठी बायबलातून शिकलेले.

"बंधू, मिशन आता तुम्हांस काही देऊ शकत नाही. मंडळी तुमचे पोषण करील काय?"

"विचारून सांगतो साहेब."

"पावसाळा सरेपर्यंत पाहू. न जमल्यास तुम्ही वाशीमला मिशनच्या कंपाउंडात राहावयास यावे. मग येथे पाळक असणार नाही."

आमचे खजिनदार यशवंतराव. जिनात मुकादम होते, त्यामुळे बोलणंही मुकादमाचं. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "पैसा नाही तं नाही. आपण पास्टरले वार लावू."

पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, आज या घरी, उद्या त्या घरी. तसं मी जेवायचं. मी सडाफटिंग, त्यामुळे जमण्यासारखं होतं. आज कुणाकडे जायचं ते यशवंतराव सकाळी सांगत.

खरं सांगतो, मंडळी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्याआधी मी घरभेटीला जायचो, डोळे मिटून प्रार्थना करायचो, चहा घेऊन निघायचो. आता चुलीजवळ पाटावर बसायला लागलो. कोण कुणाशी अबोला धरून आहे, कुणाच्या लेकीला सासरहून बोलावणं येत नाही, कुणाचा खोकला महिनाभर जात नाही, सगळं ताटावर कळायचं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण लोकांनी एक घोळ घातला. पास्टरला साधं कसं वाढायचं? एका घरी बेसनाच्या वड्या झाल्या, म्हणून दुसऱ्या घरी पुरण शिजलं. मग तिसरीनं शेजारून तूप उसनं आणलं. मी जाड होत चाललो आणि घरं रोड. नको म्हटलं की बायांना राग यायचा. झडीचा पाऊस लागला, शेतातली कामं थांबली, तरी पुरण थांबेना. अशा तऱ्हेनं पावसाळा निभत नाही, आपलं बिऱ्हाड आता कंपाउंडात जाणार, हे मला दिसत होतं.

त्यातच सगुणाबाईचं हे रुसणं. उपासना संपल्यावर मी निंबाखाली गेलो.

"बाई, काय झालं?"

"मी मंडळीतली हाय का नाही, ते पयले सांगा."

"असं काहून म्हणता?"

"साऱ्या घराईत जेवून राह्यले तुमी. माह्याच घरचा वार काहून नाही?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. सगुणाबाई एकटी, विधवा, निंदणाच्या, म्हणजे शेतातलं तण काढायच्या रोजावर जगणारी. यशवंतरावांनी तिला वारातून माफी देऊन टाकली होती.

"पास्टर," ती म्हणाली, "उभा जलम गावानं माह्या हातचं पाणी नाही घेतलं. मिशनची बाई आली अन् माह्या चुलीपाशी बसून भाकर खाल्ली, तवा मी या देवळात आली. आता तुमीच माहं घर वगळून राह्यले?"

तिनं तोंड फिरवलं, पदरानं डोळे पुसले आणि तरातरा निघून गेली. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्रभूची भाकर मोडून सगळ्यांनी मिळून घ्यायची, असा तो विधी. तिनं तेही टाळलं असतं तर ती परत आली नसती, मी तिला ओळखत होतो.

मी यशवंतरावांना गाठलं.

"मी दया केली, पास्टर! तिच्या मडक्यात मूठभर ज्वारी नसन."

"मग जे असेल ते खाईन."

"तुमी खासान हो. पण ती उसनंपासनं करून वाढीन, अन् मंग दोन दिवस उपाशी राहीन. ते पाप कोनाच्या डोक्यावर?"

म्हातारा चुकत नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्यांच्या बायकोनं गुपचूप पायलीभर ज्वारी सगुणाबाईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ती ज्वारी तासाभरात यशवंतरावांच्या ओट्यावर परत आली.

शनिवारी मी कुणालाही न विचारता, न कळवता, भर दुपारी तिच्या दारात उभा राहिलो. बेसन घोटायला वेळच मिळू नये म्हणून.

"बाई, भूक लागली."

ती चुलीपाशी होती. माझ्याकडे पाहिलं, मग मडक्याकडे. "तरोटा हाय," ती म्हणाली. "अन् कण्या."

तरोटा म्हणजे पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारी पालेभाजी. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून केलेला भात.

"आणा. पण तुम्हीही ताट घ्या. एकट्याला मला जात नाही."

आम्ही समोरासमोर बसलो. मी दोनदा मागून घेतलं, आणि ते काही तिच्या समाधानासाठी नव्हतं. इतके दिवस पुरण खाऊन माझ्या तोंडाची चव गेली होती. ते मी तिला सांगितलं. बाई आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्याच संध्याकाळी ती यशवंतरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. चार बाया जमल्याच.

"पास्टर तरोटा खाते," तिनं जाहीर केलं. "तुमी कायले उसनं आणून पुरनं घोटता? ज्या घरी जे शिजते ते वाढा. त्याच्यासाठी येगळं गंज चुलीवर चढवाचं नाही."

यशवंतरावांची बायको हळूच म्हणाली, "बाप्पा, सुटलो!"

रविवारी देऊळ भरलं होतं. मी प्रार्थना केली, भाकर मोडली आणि मंडळीला पुढे बोलावलं. सगुणाबाई सगळ्यांच्या आधी उठली. माझ्यासमोर आली, दोन्ही हातांची ओंजळ केली.

"काल मी वाढलं," ती पुटपुटली. "आज तुमी वाढा."

विधीतले शब्द मला तोंडपाठ होते. त्या दिवशी ते पुन्हा आठवायला मला जरा वेळ लागला.

वार पावसाळाभर चालले. साहेब आले, मंडळीनं पोषण केले काय म्हणून विचारलं, आणि त्या दिवशी ज्या घरचा वार होता तिथं माझ्याबरोबर पिठलं-भाकर जेवून एकटेच परत गेले. पुढे माझ्या अनेक ठिकाणी बदल्या झाल्या. टंचाईचा काळ आला की प्रत्येक ठिकाणचा खजिनदार अमक्या-तमक्याला माफी देऊ म्हणायचा. मी म्हणायचो, जरूर देऊ, फक्त त्याआधी त्याच्या घरी एकदा जेवून या.