शूटिंग करणाऱ्या दादाचा आवाज

बाळापूरकरांनो, दादा जाऊन दोन महिने झाले. त्याचा केबल टीव्हीचा धंदा मी बंद करतोय.

आज सकाळी शेजारच्या रुक्मिणमावशींकडं सेटटॉप बॉक्स परत घ्यायला गेलो. त्यांच्याकडं आता वायफायवर सिनेमे चालतात.

"राग मानू नको, लेकरा," त्या म्हणाल्या. "पन आमच्या संगीच्या लग्नाची सीडी तुझा दादा केबलवर लावायचा. आता कोन लावंल?"

त्यांच्याकडची लग्नाची सीडी घेतली, न बघताच यूट्यूबवर टाकली आणि लिंक पाठवली.

दुपारी त्यांचा फोन आला. "अरे, यात दादा बोलून राहिला! 'मावशी, रडणं थांबवा, कॅमेरा चालू हाय!'"

मी तीनदा ऐकलं. शूटिंग नेहमी तोच करायचा, म्हणून आमच्याकडं त्याचा एकही व्हिडिओ नाही.

तुमच्या घरच्या लग्नाच्या सीडीत त्याचा आवाज असेल, तर मला द्याल का?