दंडाची हलगी

फौजेतली नोकरी संपवून हरिबा सुभेदार कडेगावला परतले, तेव्हा सोबत दुखरा गुडघा आणला आणि फुटबॉलचं वेड. गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आसपासच्या गावांतले आठ संघ गोळा करून त्यांनी लीग उभी केली आणि पहिलाच नियम पैशाचा केला. एका खेळाडूला हंगामात पंधरा हजारांच्या वर द्यायचं नाही, आणि वस्तू दिली तर तिचीही किंमत त्यात धरायची. नाहीतर ज्याचा खिसा गरम त्याचाच चषक, मग बाकीच्यांनी खेळायचं कशाला?

नियम मोडला तर पन्नास हजार दंड. इथंच सुभेदारांचं फौजी डोकं आडवं आलं. शिक्षा सगळ्या पलटणीसमोर झाली की माणूस सुधारतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून दंड मैदानातच भरायचा, लाउडस्पीकरवर नाव पुकारून. आता या मुलखात माणसाचं नाव आणि रक्कम लाउडस्पीकरवर कधी पुकारतात? कुस्तीच्या फडात, कुणी पैलवानाला इनाम लावलं की. शेजारी हलगी कडाडते आणि इनाम लावणारा गर्दीकडं बघून हात जोडतो. हे शेंबड्या पोराला ठाऊक, पण सुभेदारांच्या काही ध्यानात आलं नाही.

पहिल्याच वर्षी मलकापूर संघानं नियम मोडला. संघ जयराजच्या मुठीत होता, आणि जयराज इमारती बांधून गब्बर झालेला गडी. "मलकापूर संघ, पन्नास हजार!" असं लाउडस्पीकरवरून निघालं आणि हलगीवाल्यानं सवयीनं हलगी वाजवली. जयराज मैदानात आला, नोटांचं बंडल डोक्यावर धरून चहूकडं फिरवलं. शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. पुढच्या वर्षी तो फेटा बांधूनच आला. दंड लाखावर नेला तर टाळ्या दुप्पट झाल्या. त्यातच औंधचा संघ मोडला, कारण त्यांची चांगली पोरं मलकापूरनं उचलली होती. सुभेदारांचा जीव तीळतीळ तुटला.

यंदा त्यांनी हट्टानं नियम बदलून घेतला. दंड बंद. सहा गुण वजा, आणि पैसे घेणारा खेळाडू वर्षभर बाहेर. जयराजनंही बाजूनं हात वर केला, तोही हसत हसत. सुभेदारांना शंका यायला हवी होती ती तेव्हाच.

त्यांचा मुलगा ऋषिराज मलकापूरकडूनच खेळायचा. पोरगं चेंडू घेऊन निघालं की आवरायचं नाही. पुण्याच्या एका मोठ्या संघानं त्याला पुढच्या महिन्यात चाचणीला बोलावलं होतं. माझा पोरगा पंधरा हजारांतच खेळतो, हे बाप चारचौघांत छाती फुगवून सांगायचा.

दसऱ्याला हा पोरगा नवीकोरी मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. "मामानं घेऊन दिली," म्हणाला. मामा म्हणजे सुभेदारांचा मेहुणा, पाहुण्याच्या चहात साखर घालतानाही हात आखडणारा. पण पोराचा फुललेला चेहरा बघून बापानं पुढं काही विचारलंच नाही. तेलात कुंकू कालवून स्वतःच्या बोटानं टाकीवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि पोरामागं बसून औंधच्या यमाईला जाऊन आले.

दिवाळीनंतर लीगचा शेवटचा सामना आला, मलकापूर विरुद्ध कडेगाव. मलकापूरला नुसती बरोबरी पुरे होती. खेळ सुरू व्हायच्या आधी कडेगाव संघाचा प्रमुख केरबा मैदानाकडेच्या मंडपात सुभेदारांकडं आला. केरबा सुभेदारांच्याच आळीतला, त्यांचा लहानपणापासूनचा सोबती.

"सुभेदार, तक्रार हाय. मलकापूरनं एका पोराला गाडी दिलीया."

"कुणाला?"

केरबा खाली बघत राहिला. "नाव तेवढं मला इचारू नगा."

"नाव न्हाई तर तक्रार कसली रं?" सुभेदार कडाडले.

मंडपात बाकीचे संघप्रमुख बसले होते, त्यांतल्या एकानंही मान वर केली नाही. सुभेदारांनी ओळखलं. ह्या सगळ्यांना माहीत होतं.

जयराज तेवढा पाय पसरून निवांत होता. "कशाला त्या गरिबाला पिडताय? मीच सांगतो की. तुमच्या ऋषिराजला दिली. गुणी पोरगं हाय, शोभती त्याला." मग तो पुढं वाकला. "आवं सुभेदार, जुन्या पद्धतीनं मिटवूया. दोन लाख दंड लावा, आत्ता भरतो. त्यातनं मैदानाला गॅलरी बांधा. नाव कुणाचं घ्यायचं न्हाई. पोरगं पुण्याला जातंय, तुमची अब्रू ऱ्हाती."

"दोन लाखांत मैदानाचं लय काम हुईल," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"घ्या दंड," केरबाही म्हणाला. "पोराचं वाटुळं नगं. मी तक्रार मागं घेतो."

सुभेदारांना जयराजपेक्षा केरबाचाच जास्त राग आला. जयराज सौदा करत होता, केरबा माया करत होता, आणि ती माया पदरात घ्यावीशी वाटत होती.

ते लंगडत बाहेर आले. ऋषिराज रेषेपाशी बसून बूट बांधत होता.

"गाडी मामानं दिली व्हय रं?"

पोरानं वर बघितलं नाही. "आबा, सगळीच घेत्यात. आन जयराजदादा दंड भरतो म्हणालाय की. कुणाचं काय जातंय त्यात?"

हे पोरगं कुठं शिकलं, असं सुभेदारांना विचारायचीही सोय उरली नव्हती. ते ह्याच मैदानात शिकलं होतं, हलगीच्या तालावर, आणि ती शाळा बापानंच काढली होती. त्यांना स्वतःची शरम वाटली. ते मागं फिरले आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"मलकापूर संघानं नियम मोडला हाय..."

पुढचं येण्याआधीच हलगी कडाडली, शिट्ट्या सुरू झाल्या. सुभेदार वाकले असं समजून जयराज फेटा सावरत उठला.

"हलगी बंद कर!" सुभेदार ओरडले. "दंड न्हाई. सहा गुण वजा. आन गाडी घेणारा पोरगा वरीसभर बाहेर. त्याचं नाव ऋषिराज. माझा मुलगा."

हलगी थांबली. शिट्ट्याही थांबल्या. जयराजनं खिशातलं बंडल बाहेर काढलं, हात वर करून चहूकडं दाखवलं, पण त्याच्याकडं कुणी बघतच नव्हतं. लोक ऋषिराजकडं बघत होते. त्यानं बांधलेले बूट पुन्हा सोडले आणि तो अनवाणी मैदानाबाहेर चालत गेला. सुभेदारांना रडू फुटलं, ते त्यांनी लपवलं नाही.

सामना झाला, माणसं पांगली. गाडी जयराजच्या दारात परत सोडायची होती. त्याआधी टाकीवरचं स्वस्तिक पुसायला सुभेदारांनी खिशातून रुमाल काढला. आपल्या घरचं कुंकू दुसऱ्याच्या दारात कसं ठेवायचं? पण तेलातलं कुंकू ते, सुक्या रुमालानं निघेना. घासावं तसा लाल डाग पसरत गेला.

ऋषिराज शेजारी येऊन उभा राहिला.

"आबा, त्या दिशी पुजेच्या आधी तुमी एकदा जरी इचारलं असतंसा, तर मी खरं सांगितलं असतं."

सुभेदार टाकी घासत राहिले.